फोटोत कोळसा किती?

मागच्या पावसाळ्यात मी बाबांना व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. सेबॅस्तियाओ सालगाडो या ब्राझीलच्या छायाचित्रकाराने १९८९ साली धनबादच्या कोळसा खाणींवर काढलेल्या फोटोंपैकी एक. कृष्णधवल. कोळशाने माखलेला चेहरा, आणि थेट आपल्याकडे रोखलेले डोळे. ही मालिका जगभर गाजली. १९९३च्या ‘वर्कर्स’ या त्याच्या जाडजूड पुस्तकात ती आहे, आणि भारतातली कोळसा खाण म्हटलं की आजही पहिल्यांदा हेच फोटो समोर येतात. कॉलेजात असताना मी यातला एक लॅपटॉपवर वॉलपेपर म्हणून लावला होता.

दोन निळ्या खुणा आल्या. बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग उत्तर आलं.

“तोंड काळं आहे म्हणजे शिफ्ट सुटली. घरी जाऊ द्या ना त्याला. कशाला उभा करून ठेवला?”

आणि पाच मिनिटांनी दुसरा मेसेज : “नाव काय त्याचं?”

नाव नव्हतं. फोटोखाली खाण होती, गाव होतं, राज्य होतं (धनबाद तेव्हा बिहारात होतं), साल होतं. नाव नव्हतं. दहा वर्षं मी ते फोटो पाहत आलेय, त्यांच्याबद्दल मित्रमैत्रिणींना भाषणं दिलीत, पण हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

बाबा चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका भूमिगत खाणीत मायनिंग सरदार होते. सरदार म्हणजे आपल्या भागातल्या कामगारांच्या जिवाची जबाबदारी ज्याच्यावर असते तो माणूस. शिफ्टच्या सुरुवातीला आत जायचं, वायू तपासायचा, छत तपासायचं, आणि मग बाकीच्यांना पुढे सोडायचं. ३१ वर्षं त्यांनी हे केलं. त्यांचा खाणीतला एकही फोटो आमच्याकडे नाही. भूमिगत खाणीत मोबाईल न्यायची बंदी असते, जशी बिडी-काडेपेटीची असते. मिथेन असतो आत, ठिणगी परवडत नाही. त्याआधीच्या काळात कॅमेरा कोणाकडे होता? निवृत्तीच्या दिवशीचा एक फोटो आहे, शाल-श्रीफळ, गळ्यात झेंडूचा हार, मागे बॅनर. पांढरा शर्ट. तो फोटो खाणीतल्या माणसाचा आहे हे कोणी सांगितल्याशिवाय कळणार नाही.

म्हणजे माझ्यासमोर दोन प्रकारचे फोटो होते. एकात कोळसा आहे आणि माणसाचं नाव नाही. दुसऱ्यात नाव आहे, बॅनरवर मोठ्या अक्षरात आहे, पण कोळसा नाही. हा लेख या दोन फोटोंच्या मधल्या जागेबद्दल आहे.

*

बाहेरून येऊन फोटो काढणाऱ्यांना झोडपणं हल्ली फार सोपं झालंय. इन्स्टाग्रामवर कोणीही ‘पॉव्हर्टी पॉर्न’ म्हणून मोकळं होतं. मला ते करायचं नाही. सालगाडोचं शिक्षण अर्थशास्त्राचं, आणि ‘वर्कर्स’ हे पुस्तक हाताने होणाऱ्या श्रमाचा युगान्त नोंदवायच्या हेतूने केलेलं आहे. तो हेतू फोटोत दिसतो. कोळसेवाल्यांकडे तो जसा बघतो तसं त्याआधी आपल्या देशातल्या किती जणांनी बघितलं होतं?

झरियाचे फोटोही असेच. तिथल्या जमिनीखालच्या आगी १९१६पासून नोंदल्या गेल्यात आणि अजून जळतायत. तिथे गेलेल्या प्रत्येक कॅमेऱ्याला धूर, भेगा आणि ज्वाळा मिळतात, कारण त्या तिथे आहेतच. कोलकात्याच्या रॉनी सेनने तिथलं ‘एंड ऑफ टाइम’ हे काम चक्क फोनवर केलं आणि त्याला २०१६ साली गेटी-इन्स्टाग्रामचं अनुदान मिळालं. मला हे काम आवडतं. मोठ्या कॅमेऱ्याचा रुबाब त्यात नाही. आपल्या गॅलरीत असतात तसेच फोटो, जवळून, थोडे बेसावध. पण नावच बघा : काळाचा शेवट. जगबुडीनंतरची भूमी. तिथला माणूस त्या रूपकात एकदा शिरला की त्याला घरी जाता येत नाही. त्याला उद्या सकाळी पोराची फी भरायची असेल, तर ती त्या चित्रात कुठे बसवणार?

बाबांच्या “घरी जाऊ द्या ना त्याला” या वाक्याशी मी तेव्हापासून अडकलेय. आणि त्यातूनच मला एक जुनी गोष्ट आठवली, जी कॅमेरा हातात घेणाऱ्या प्रत्येकाने वाचायला हवी.

सप्टेंबर १९६७. अमेरिकेच्या केंटकी राज्यातला लेचर परगणा, डोंगराळ, कोळशाचा. ह्यू ओ’कॉनर नावाचा कॅनडाचा फिल्ममेकर तिथे आपल्या टीमसोबत शूट करत होता. एक खाणकामगार नुकताच कामावरून आलेला, अंगावर कोळशाची धूळ तशीच, आपल्या भाड्याच्या घराच्या ओसरीवर तान्ह्या मुलाला घेऊन बसलेला. ओ’कॉनरने परवानगी विचारली, त्याने दिली. शूटिंग झालं. निघता निघता घराचा मालक, होबर्ट आयसन, बंदूक घेऊन आला आणि त्याने ओ’कॉनरला गोळी घातली. ओ’कॉनर तिथेच मेला. पहिल्या खटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही. पुढे आयसनने सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला, दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि एका वर्षात तो पॅरोलवर बाहेर आला. गावातले बरेच लोक त्याच्या बाजूने होते. त्याआधीची काही वर्षं देशभरातले कॅमेरे ॲपलेशियाची गरिबी टिपायला तिथे येत होते, आणि लोक स्वतःला टीव्हीवर बघून खजील होत होते.

एलिझाबेथ बॅरेट याच भागात वाढलेली. तिने २०००मध्ये या घटनेवर ‘स्ट्रेंजर विथ अ कॅमेरा’ नावाची डॉक्युमेंटरी केली. ती खुनाचं समर्थन करत नाही आणि कॅमेऱ्यालाही सोडत नाही. मला त्यात सगळ्यात जास्त खटकत राहिलेली बाब वेगळीच आहे. ज्याचं शूटिंग झालं त्या कामगाराने हो म्हटलं होतं. नाही म्हणणारा होता तो मालक, ज्याच्या जागेची अब्रू जाणार होती. म्हणजे ‘गावाची बदनामी’ म्हणून जो आवाज सर्वात मोठा उठतो, तो फोटोतल्या माणसाचा असेलच असं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

*

त्याच लेचर परगण्यात पुढे दोन गोष्टी घडल्या. १९६९मध्ये व्हाइट्सबर्ग या गावात ॲपलशॉप नावाची संस्था सुरू झाली, जिथे स्थानिक तरुण पोरं स्वतः फिल्म बनवायला शिकली. बॅरेटही तिथलीच. आणि १९७५मध्ये वेंडी इवाल्ड नावाची तरुण फोटोग्राफर तिथल्या शाळांमध्ये मुलांना फोटोग्राफी शिकवायला आली. तिने मुलांना साधे कॅमेरे दिले, तेही फुकट नाही. मुलांनी थोडे पैसे मिळवून ते विकत घ्यायचे. फोटो धुवायचेही त्यांनीच. विषय असे : स्वतः, घरचे, प्राणी, आणि आपलं स्वप्न. १९८५ साली ‘पोर्ट्रेट्स अँड ड्रीम्स’ हे पुस्तक आलं, मुलांचे फोटो आणि मुलांच्याच तोंडच्या हकिगती घेऊन.

बाप खाणीत जाणाऱ्या घरांमधली ही मुलं. पुस्तक चाळताना कोळसा शोधावा लागतो. आहेत ती आजीआजोबांची अंथरुणं, डुकरं, बहिणी, आणि झाडाच्या बेचक्यात मेल्याचं सोंग करून पडलेला मित्र (ते एका मुलाचं स्वप्न, बरं का, त्याने आपल्या जिवलग मित्राला मारल्याचं). कोळशावरून लिहायला बसलेल्या माझ्यासारखीची निराशाच व्हायची.

असंच इंग्लंडमध्ये त्याआधी घडलेलं. १९३४मध्ये नॉर्थम्बरलँडमधल्या ॲशिंग्टनच्या खाणकामगारांनी संध्याकाळचा वर्ग लावला. खरं तर त्यांना अर्थशास्त्र हवं होतं. मास्तर मिळाला नाही म्हणून चित्रकलेची ओळख घ्या म्हटलं. रॉबर्ट लायन नावाच्या शिक्षकाने आधी पडद्यावर युरोपातल्या थोर चित्रकारांच्या स्लाइड दाखवल्या. वर्ग कंटाळला. मग तो म्हणाला, तुम्हीच काढा. पुढची ५० वर्षं हा गट चित्रं काढत राहिला. खाण त्यात आहेच, आतल्या माणसाला जशी दिसते तशी, वाकून, गुडघ्यावर. पण तेवढ्याच प्रेमाने काढलेली कबुतरांची खुराडी आहेत, शर्यतीची कुत्री आहेत, भाजीचे वाफे आणि घरातला ओटा आहे. माझ्या मते त्यातली कबुतरांची चित्रं खाणीच्या चित्रांइतकीच कोळशाची चित्रं आहेत. दिवसाचे आठ तास अंधारात घालवणाऱ्या माणसाला आकाशात जाणारी वस्तू पाळावीशी वाटते, यावर मी आणखी काही बोलायची गरज नाही.

अलीकडचं उदाहरण ‘हॉलो’. २०१३मध्ये एलेन मॅकमिलियनने वेस्ट व्हर्जिनियातल्या मॅकडॉवेल परगण्याबद्दल ही इंटरॲक्टिव्ह डॉक्युमेंटरी वेबवर आणली. कोळसा संपत गेला तशी तिथली लोकसंख्या १९५०च्या जवळपास एक लाखावरून २०१०पर्यंत बावीस हजारांवर आली. व्हिडिओ, फोटो, आवाज, आकडे, सगळं एकत्र, आणि काही भाग गावकऱ्यांनी स्वतः चित्रित केलेला. कल्पना उत्तम, काम मेहनतीचं. पण स्क्रोल करताना कधी कधी वाटतं की माणसापेक्षा डिझाइन पुढे पळतंय.

*

मग मी बाबांनाच म्हटलं, तुम्ही फोटो काढा. खाण बंद होऊन गेलीय, आत जायचा प्रश्न नाही. कॉलनीत राहता अजून आसपासच. रोज एक काढा, आणि खाली दोन ओळी लिहा. मी एक फोल्डर करते.

“काय करून राहिली तू ह्याचं?” त्यांनी विचारलं.

“बघू.”

दोन महिन्यांत ४३ फोटो आले. मी मोजले. कोळसा दिसतो असे पाच. त्यातले दोन रेल्वे वॅगनचे, एक ओबीच्या डोंगराचा. (ओबी म्हणजे उघड्या खाणीत कोळशाच्या वर असलेली आणि खणून बाजूला रचलेली माती-दगड. आमच्याकडे क्षितिजावर दिसणारे बहुतेक डोंगर हे असे शिफ्टमध्ये बनवलेले आहेत.) बाकीचे? कूलर. आंब्याचं झाड. दवाखान्यातला नंबर लावायचा बाक. मित्राच्या नातवाचं बारसं. क्वार्टरच्या भिंतीतली भेग, शेजारी अंदाज यावा म्हणून ठेवलेलं दहाचं नाणं. तीच भेग महिन्याने पुन्हा, तेच नाणं.

त्या भेगेच्या दोन फोटोंनी मला जे केलं ते झरियाच्या ज्वाळांनी केलं नाही. २०२२च्या ऑगस्टमध्ये घुग्घुसमध्ये एक राहतं घर अख्खं जमिनीत गडप झालं होतं. खाली जुन्या भूमिगत खाणीचा पोकळ भाग. घरातली माणसं वेळेत बाहेर पडली म्हणून वाचली. तो खड्डा तेव्हा सगळ्यांच्या फोनवर फिरला. मीही पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये उभी राहून पाहिला आणि पुढे पाठवला. बाबांनी मात्र नाणं ठेवलं. खड्डा ही बातमी असते, ती एकदाच घडते. भेग वाढतेय का, हे फक्त तिथे राहणारा माणूस बघू शकतो, कारण त्यासाठी महिनाभराने त्याच जागी परत उभं राहावं लागतं.

एकदा मी विचारलं, तुमच्या कामाचा फोटो काढायचा असता तर कशाचा काढला असता? त्यांनी फोटो पाठवला नाही. व्हॉइस नोट आली, ४० सेकंदांची. आधी ठक् ठक् असा कोरडा, टणक आवाज. मग ढब् ढब्. मग त्यांचा आवाज : “पहिला आवाज हॉलच्या भिंतीचा. दुसरा बाथरूमच्या बाहेरचा, तिथलं प्लास्टर सुटलंय. छत असंच बोलते. काठीनं ठोकायचं. पहिला आवाज आला तर पोरांना आत घ्यायचं. दुसरा आला तर कोणालेच नाही.”

तुम्ही आत्ता जिथे बसलाय तिथली भिंत ठोकून पाहा. फरशीही चालेल. एखादी पोकळ सापडेलच.

३१ वर्षं बाबांचं खरं काम हे होतं. ऐकणं. डोक्यावरच्या टोपीच्या दिव्याएवढा उजेड, आणि बाकी सगळं कानावर. याचा फोटो कसा काढणार? फोटोला उजेड लागतो. म्हणून तर सगळे छायाचित्रकार खाणीच्या तोंडाशी थांबतात, आणि शिफ्ट सुटल्यावर उजेडात आलेला चेहरा पकडतात. काम संपल्यानंतरचा माणूस आपण इतकी वर्षं कामाचा फोटो म्हणून बघत आलो.

*

हे सगळं मित्राला सांगत असताना तो म्हणाला, अगं मग हे पुण्यात झालंय की. जात्यावरच्या ओव्या.

तो बरोबर होता, आणि मला ते सुचलं नाही याचं आजही वाईट वाटतं. पुण्यातल्या ‘सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ या संस्थेत हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हॅ यांनी १९८०-९०च्या दशकांत ओव्या गोळा करायला सुरुवात केली. सुरुवात मुळशीच्या डोंगरातल्या गावांपासून, तिथल्या गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून. ओव्या गोळा करणाऱ्यांत त्याच गावांतल्या बायाही होत्या. हळूहळू महाराष्ट्रभरातल्या हजाराहून जास्त गावांतल्या एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक या दोन्हींतले जाणकार यात आले आणि ध्वनिमुद्रणं झाली. पॉयटव्हॅ २००४मध्ये गेले. २०१७पासून पी. साईनाथ यांच्या ‘पारी’ने, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाने, हा संग्रह लोकांसमोर आणायला सुरुवात केली : ओवीचे शब्द, मूळ आवाज, फोटो, आणि शक्य तिथे पुन्हा गावात जाऊन त्याच बायांचे व्हिडिओ. काही बाया तोवर वारल्या होत्या. मग त्यांच्या घरच्यांना भेटून लिहिलं गेलं.

जातं आणि खाण यांची तुलना ओढूनताणून केलेली वाटेल. पण दळण पहाटेच्या अंधारात व्हायचं. बघणारं कोणी नसायचं, आणि म्हणूनच नवऱ्याबद्दल, सासूबद्दल, आईबद्दल जे दिवसाउजेडी बोलता येत नव्हतं ते तिथे गाता यायचं. जात्यावर बसलेल्या बाईचे फोटो आपल्याकडे कमी नाहीत, कॅलेंडरवरसुद्धा सापडतील. नऊवारी, कपाळावर कुंकू, खिडकीतून येणारा तिरपा उजेड. त्या फोटोंत एक गोष्ट कधीच नसते, ती म्हणजे ती बाई काय म्हणतेय.

पारीच्या पानावर प्रत्येक ओवीखाली एक चौकट येते. गायिकेचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, जात, वय, मुलं किती, शिक्षण, व्यवसाय, ओवी कधी टिपली. आधी मला ही चौकट सरकारी फॉर्मसारखी कोरडी वाटायची आणि मी ती ओलांडून सरळ आवाजाचं बटण दाबायचे. आता मी तीच आधी वाचते. बाबांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात पहिल्याच ओळीत आहे. तक्रारच करायची तर एवढीच की चौकटीतले रकाने गोळा करणाऱ्यांनी ठरवलेले आहेत. बाईला विचारलं असतं, तुझ्याबद्दल काय लिहू, तर तिने कदाचित मुलांचा आकडा न सांगता माहेरच्या विहिरीचं सांगितलं असतं. पण हे परिपूर्णतेचं खुसपट झालं. पिढीभराच्या अंतराने त्याच दारात परत जाणं, आणि हे तुमच्या आईचं गाणं आहे म्हणून घरच्यांना ऐकवणं, याच्यापुढे ‘सहभागी’ म्हणवणारे बहुतेक फोटो-प्रकल्प मला दोन दिवसांच्या वर्कशॉपसारखे वाटतात. येतात, मुलांना कॅमेरे देतात, प्रदर्शन भरवतात, कॅमेरे परत घेऊन जातात.

चंद्रपूरच्या कोळशाबद्दल असं काही मराठीत मला सापडलं नाही. दुर्गापूरला २९२० मेगावॅटचं वीज केंद्र आहे. चंद्रपूरहून कल्याणजवळच्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटर लांबीची वीजवाहिनी १९९९पासून उभी आहे. वीज इकडे येते. आवाज आलेला नाही.

*

बाबांच्या फोल्डरमध्ये खोट आहे, आणि ती सांगितल्याशिवाय त्याचं कौतुक करणं बरोबर होणार नाही.

पहिली माझ्या लक्षातच आली नाही, आईने आणून दिली. मी दिवाळीत घरी गेले होते आणि फोल्डर टीव्हीला जोडून दाखवत होते. सगळे बघून झाल्यावर ती म्हणाली, “मला नाही विचारलं कोणी.” १९५२च्या खाण कायद्याने बायकांना भूमिगत कामाची बंदी घातली होती, ती २०१९मध्ये जाऊन थोडी सैल झाली. त्यामुळे खाणीची गोष्ट म्हणजे बाबांची गोष्ट, असं मीही गृहीत धरलं होतं. आईने मग सांगितलं की कितीही अंघोळ केली तरी बाबांची उशी सकाळी काळी असायची. पापण्यांत अडकलेली भुकटी रात्री डोळ्यांतून निघायची, काजळ घातल्यासारखी. पांढरे अभ्रे तिने लग्नानंतर दुसऱ्या महिन्यातच बंद केले. सेकंड शिफ्टला बाबा असले की रात्री बारानंतर सायकलच्या स्टँडचा आवाज येईपर्यंत ती जागी असायची, पण डोळे मिटून, कारण जागी दिसली की ते चिडायचे. “तो आवाज टाक तुझ्या त्याच्यात,” ती म्हणाली. सायकल भंगारात जाऊन बारा वर्षं झाली.

दुसरी खोट जास्त अवघड. ४३ फोटोंमध्ये कंत्राटी कामगार एकही नाही. आज आमच्या भागात ओबी काढणारे, डंपर चालवणारे कितीतरी जण ठेकेदाराचे आहेत. ते कॉलनीत राहत नाहीत. भिंतीपलीकडे भाड्याच्या खोल्यांत, एका खोलीत चौघं-पाच जण, दुरून आलेले. बाबांचा फोन त्या भिंतीपाशी थांबतो. मी विचारलं तर म्हणाले, “ते ठेकेदाराचे आहेत. आपले नाही.” माझे बाबा, ज्यांनी आयुष्यभर छत ठोकून सगळ्यांना आत सोडलं. मला राग आला आणि तो मी फोनवर दाखवलाही. पण हा प्रश्न फक्त त्यांचा नाही. ‘समुदायाने स्वतःचे फोटो स्वतः काढले’ असं जिथे जिथे लिहिलेलं असतं, तिथे समुदाय म्हणजे कोण, हे कोणीतरी आधीच ठरवलेलं असतं. बहुतेकदा ज्याच्याकडे पक्कं घर आहे त्याने. लेचरमधल्या त्या ओसरीवर बसलेला माणूस भाडेकरू होता. बंदूक मालकाकडे होती.

यावर नवे नियम करावेत, कोटा ठेवावा, असं मला वाटत नाही. एवढं मात्र वाटतं की अशा कामाचं परीक्षण करताना आपण फोटो किती सुंदर हे बघून थांबतो, किंवा फार तर कॅमेरा कोणाच्या हातात होता ते विचारतो. चाळणी कोणी लावली, खालच्या ओळी कोणी लिहिल्या, कोणाला नको म्हणता आलं, हे विचारायला हवं. मी बाबांच्या ४३मधले १२ निवडून एका मैत्रिणीला दाखवले होते. नंतर पाहिलं तर कोळसा असलेले पाचही त्या बारांत होते. चाळणी मीच लावली होती.

मागच्या महिन्यात बाबांचा ४४वा फोटो आला. भिंतीपलीकडच्या चहाच्या टपरीवरचा. बाकावर एक तरुण मुलगा, पाठमोरा, मानेवर धुळीची रेघ, हातात काचेचा ग्लास. खाली ओळ होती :

“डंपरवर आहे. बलियाचा. नाव सांगितलं पण लिहू नका म्हणाला. तोंड पण नको म्हणाला. चहा मी पाजला.”

मी विचारलं, फोटो फोल्डरमध्ये ठेवू का? एक दिवस उत्तर आलं नाही. मग आलं : “तो नाईटला आहे. उद्या विचारतो.”